माहितीपत्रकावरचे गुलाबराव

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला भानुमतीबाईंनी फोनवर सांगितलं, की त्यांचे वडील झोपले आहेत. वडिलांना त्यांनी शेवटचं पाहिलं, त्याला येत्या एप्रिलात अडुसष्ट वर्षं पूर्ण होणार होती.

फोनवरची मुलगी मराठी बोलत होती, तिथेच घोळ झाला. हिंदीत कुणी विचारलं असतं तर बाई ‘राँग नंबर’ म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या त्या सरकारी क्वार्टरात दिवसभर मराठी कानावर पडायची ती त्यांची त्यांनाच, देवापुढे पुटपुटताना नाहीतर दूध उतू जाताना.

“नमस्कार. मी केतकी बोलतेय, संसदेच्या सचिवालयातून. माजी सदस्यांच्या नोंदींचं काम माझ्याकडे आहे. गुलाबराव निंभोरकर साहेबांशी बोलता येईल का?”

“झोपलेत,” बाई म्हणाल्या.

“अच्छा, मग नका उठवू. तब्येत कशी आहे?”

“आहे तशीच आहे.”

“तुम्ही त्यांच्या सूनबाई का?”

“मुलगी.”

“मग आजी, तुम्हालाच सांगते. बावन्न सालच्या पहिल्या सभागृहातले, आमच्या नोंदींप्रमाणे आता साहेब एकटेच उरलेत. एकशे एक वर्षं! आमच्याकडे सगळे इतके एक्साइटेड आहेत ना. सत्कार करायचं ठरलंय. त्यांना येणं जमणार नाही हे धरूनच चाललोय, आम्हीच घरी येऊ. पण त्याआधी मी एकदा नुसती भेटून जाते. गुरुवारी अकराला चालेल?”

अडतीस वर्षं भानुमतीबाईंनी ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली होती. समोरच्यानं काही विचारलं की आवाज न बदलता होकार द्यायचा, ही सवय हाडात मुरलेली. “चालेल,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला बसल्या. जुडी संपेपर्यंत त्यांच्या मनात काहीही आलं नाही. मग आलं ते एवढंच, की हा फोन कधीतरी येणारच होता. नंबर त्यांनीच लिहून दिला होता, चौकोनात एकेक आकडा.

हकिगत अशी होती.

गुलाबराव निंभोरकर वऱ्हाडातून अपक्ष निवडून आले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. स्वतंत्र देशाचं ते पहिलंच निवडलेलं सभागृह. निवडून देणाऱ्यांना आणि निवडून आलेल्यांना, दोघांनाही पुढे काय करायचं असतं याची फारशी कल्पना नव्हती. बायको आणि सहा वर्षांची भानू यांना घेऊन ते नॉर्थ अॅव्हेन्यूच्या फ्लॅटात राहायला आले. पाच वर्षांची मुदत सरली. दुसऱ्या निवडणुकीत ते पडले. सत्तावनच्या एप्रिलात त्यांनी दोघींना गावच्या गाडीत बसवून दिलं. फ्लॅटच्या किल्ल्या परत करून चार दिवसांत येतो म्हणाले. किल्ल्या त्यांनी परत केल्या, त्याची पावती पोस्टानं गावी आली. सामानाच्या दोन पेट्या रेल्वेनं आल्या, वर त्यांच्या अक्षरात पत्ता. ते आले नाहीत.

पुढच्या वर्षी माय मुलीला घेऊन दिल्लीला परत आली. “मानूस जिथं हरवते तिथंच सापडते,” असं तिचं म्हणणं. पहाडगंजातल्या मराठी शाळेत तिला मुलींना शिवण शिकवायचं काम मिळालं. शाळेजवळच खोली घेतली. सापडलं कुणीच नाही. त्रेसष्ट साली एकानं सांगितलं, की पानिपतला हातमागाच्या एका कारखान्यात गुलाब नावाचा मराठा माणूस आहे. मायलेकी बसनं गेल्या. माणूस होता. गुलाबसिंह, साठीचा, भरघोस मिशांचा. “हम भी मराठे हैं,” तो छाती ठोकून म्हणाला. त्याचे कुणी पूर्वज लढाईनंतर परत गेलेच नव्हते म्हणे. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता. त्यानं दोघींना रोटी आणि ताक जेवू घातलं, आणि मायनं त्याच्याच मागावरचा एक खेस विकत घेतला. परतीच्या बसमध्ये ती खेस चाचपत बसली होती. “जाड हाय,” एवढंच म्हणाली. “थंडीत कामी येईन.”

बारा वर्षं भरली तेव्हा गावाहून धाकटे काका आले. बेपत्ता माणसाचा पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा बांधायचा, तोच माणूस समजून त्याला अग्नी द्यायचा, मग तेरावं, श्राद्ध, सगळं रीतसर. काका भटजी ठरवूनच आले होते. माय पोळ्या लाटत होती.

“भाऊजी,” ती म्हणाली, “पानिपतानंतर पार्वतीबाईनं किती वर्सं कुंकू लावलं?”

“वहिनी, त्या पेशव्यांच्या घरच्या होत्या.”

“मंग? कुंकू तं तेच असते.”

काका जेवून गेले, पुन्हा आले नाहीत.

पहिलं माहितीपत्रक त्याच्याही आधी, बासष्ट साली आलं होतं. गावचा पत्ता खोडून पहाडगंजचा घातलेलं पाकीट. माजी सदस्यांची नोंदपुस्तिका अद्ययावत करायची आहे, तरी नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, व्यवसाय, छंद कळवावेत. भानू तेव्हा सोळा वर्षांची होती.

“परत पाठवू?” तिनं विचारलं.

“काहून? इचारून राह्यले, तं सांगू.”

माय सांगत गेली, भानू लिहीत गेली. पत्ता हाच. व्यवसाय शेती. छंदापाशी माय थांबली.

“प्रवास लिही.”

“माय!”

“खोटं हाय का?”

सही भानूनं केली. पेट्यांवरच्या अक्षरावरून दोन दिवस पाटीवर गिरवली आणि मग कागदावर उतरवली. सही छान आली. बाबांनी केली असती त्याहून छान.

त्यानंतर दर नव्या सभागृहाबरोबर माहितीपत्रक येत राहिलं. मधे माजी सदस्यांना पेन्शन सुरू झालं, त्याचाही फॉर्म आला. तो मायनं वाचूही दिला नाही, चुलीत घातला. “ते त्याईचं हाय,” ती म्हणाली. माहितीपत्रक मात्र कधी चुकलं नाही. भानुमतीचं लग्न झालं. नवरा बळवंत रेल्वे बोर्डात, स्वभावानं सरळ आणि थोडा चेष्टेखोर. पाकीट आलं की विचारायचा, “काय म्हणते यंदा सासरेबुवांची तब्येत?” डिंक लावून पाकीट बंद करायचं काम त्याचं. गुलाबरावांना हळूहळू छंद लागत गेले. सत्याहत्तरला वाचन. ऐंशीला फळझाडांची लागवड. एकदा बळवंतच्या आग्रहावरून हार्मोनियम. वय वाढेल तसा भानुमतीबाई सहीत थोडा कंप घालू लागल्या. अलीकडच्या दोन खेपांना तो घालावा लागला नव्हता.

चौऱ्याण्णव साली माय गेली. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून तिला सवाष्णीच्या मानानं नेलं. पुढच्या माहितीपत्रकात पत्नीच्या रकान्यात तिच्या मृत्यूची तारीख लिहावी लागली. कागदावर बाबा विधुर झाले. माय कधीच विधवा झाली नाही.

हे सगळं करताना भानुमतीबाईंना काय वाटायचं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. वाटायचं असं काही नव्हतंच. दाढ काढल्यावर तोंडाचा तो भाग काही वेळ आपला नसतो, जीभ लावली तरी कळत नाही, तसं एक ठिकाण त्यांच्या आत होतं, आणि त्यावरची भूल उतरलीच नव्हती. ट्रंक एक्स्चेंजमध्ये देशातली कुठलीही तार त्यांच्या बोटांपाशी यायची. हरिद्वार, नाशिक, उज्जैन, कुठलंही पोस्ट, कुठलाही ठाणेदार. तिकडच्या ऑपरेटरला एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागली असती. अडतीस वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी उत्तर दिलं असतं.

बळवंत जाऊन अकरा वर्षं झाली. आता घरात मुलगा अनुराग, सून आणि नात पूर्वी. सून सध्या बँकेच्या ट्रेनिंगला हैदराबादला होती. अनुराग एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी. आजोबा फार पूर्वी परगावी वारले आणि आजीनं ते कधी मानलं नाही, एवढंच तो समजून होता. घरात तो विषय निघत नसे, आणि पोस्टमन येतो त्या वेळी तो कधीच घरी नसे.

संध्याकाळी तो बूट सोडत बसला असताना बाई म्हणाल्या, “गुरुवारी एक मुलगी येणार आहे. बाबांना भेटायला.”

“कुणाच्या बाबांना?”

“माझ्या.”

अनुरागचा हात नाडीवर थांबला. आईचं आता वय झालं, आजपासून हे सुरू झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. बाईंनी ते पाहिलं आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. पूर्वीनं कानातलं इयरफोनचं एक बोंडूक काढलं, मग दुसरं.

“एक मिनिट आजी. मतलब पणजोबा ऑफिशियली जिंदा आहेत?”

“हं.”

“और पूरे इंडिया में लास्ट वन?”

“असं ती म्हणाली.”

“आजी, तू तर डॉन निघालीस यार!”

“हसू नकोस तू,” अनुराग म्हणाला. “आई, याला फोर्जरी म्हणतात. सरकारी कागदावर. जूनमध्ये माझं प्रमोशनचं पॅनेल आहे, विजिलन्सचा क्लिअरन्स यायचाय, आणि इथे माझ्याच पत्त्यावरून साठ वर्षं...”

“तुझ्या पत्त्यावरून बारा वर्षं. आणि पैसे कधी घेतले नाहीत.”

“पैसे घेतले असते तर निदान कारण तरी सांगता आलं असतं! का केलंस हे?”

बाईंनी खरोखरच आठवून पाहिलं. “विचारत होते,” त्या म्हणाल्या. “म्हणून.”

अनुराग एका पायात बूट तसाच ठेवून खोलीत फेऱ्या घालू लागला. “असं करू. उद्या फोन करून सांगू, की गेले. झोपेतच गेले.”

“और बॉडी?” पूर्वी म्हणाली. “बाबा, एमपी होते ते. फुलं घेऊन लोक येतील.”

“मग सांगू, वीस वर्षांपूर्वीच गेले. आई विसरते हल्ली.”

“आणि आज सकाळी झोपले होते ते कोण?”

“पूर्वी, चूप!”

जेवताना मात्र तो शांत झाला. त्याच्या हाताखालून आयुष्यभर कागद गेले होते. कुठल्याही भानगडीला एक नीट मार्ग असतो, यावर त्याचा विश्वास होता. “ऐक आई,” तो म्हणाला. “माजी सदस्य गेल्याचं उशिरा कळलं तरी सभागृहात नाव वाचतात. घरच्यांनी लिहून दिलं की झालं. सगळे उभे राहतात. आजोबांसाठी अख्खं सभागृह उभं राहील, विचार कर. कुणाच्या नशिबी असतं? मग मी नाशिकला जाऊन तो पालाशविधीही करून येतो. सगळं एकदाचं क्लिअर. तुला फक्त एवढंच म्हणायचंय, की ते गेले.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर खरं सांगावं लागेल. की माझे वडील मला टाकून निघून गेले, आणि मी त्यांच्या सह्या करत बसले. चालेल तुला?”

तो तोडून बोलला नव्हता, पण पूर्वीनं पोळीचा तुकडा ताटात ठेवला. भानुमतीबाई भाताचा घास कालवत राहिल्या. ते वाक्य त्यांनी कुठल्याच भाषेत कधी उच्चारलं नव्हतं. शाळेत ‘वडील गावी असतात’, लग्नाच्या बोलण्यात ‘प्रकृती बरी नसते’, ऑफिसात ‘शेती बघतात’. माहितीपत्रकातल्या माणसाला पत्ता होता, छंद होते, जन्मतारीख होती. तो माणूस कुणालाही टाकून गेलेला नव्हता. गुरुवारी त्याला एकतर मारायचं होतं, नाहीतर तो कधी नव्हताच असं सांगायचं होतं.

“गुरुवार आहे अजून,” त्या म्हणाल्या.

बुधवारी पूर्वीनं इंटरनेटवर जुन्या कामकाजाचे स्कॅन केलेले खंड शोधून काढले आणि दुपारी आजीच्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसली. पाच वर्षांत गुलाबरावांच्या नावावर पाच नोंदी होत्या. तीन ठिकाणी त्यांचं नाव फक्त मतदानाच्या यादीत होतं. चौथ्या ठिकाणी त्यांनी विचारलं होतं, की त्यांच्या भागातल्या एका स्टेशनावर पिण्याच्या पाण्याचा नळ कधी बसणार.

“आन्सर ऐक,” पूर्वी म्हणाली आणि अडखळत मराठी करत गेली. “माहिती जमा करतायत... मिळाली की पटलावर ठेवणार. पटल म्हणजे?”

“टेबल.”

“ठेवली का मग?”

“बघ की पुढे.”

“पुढे काहीच नाही.” ती पानं सरकवत राहिली. “ही लास्ट. पणजोबा म्हणतात, मला एक मिनिट मिळेल का. तर चेअर म्हणते, वेळ संपली. बस. खतम. आजी, म्हणूनच गेले असतील का ते? इतना इन्सल्ट!”

“एक मिनिट मिळालं नाही म्हणून कुणी घर सोडत नाही.”

“मग कशासाठी सोडतात?”

बाईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. वडिलांचं नाव छापलेलं होतं, आडनावाच्या एका अक्षराची शाई जरा फुटलेली. त्या माणसाला त्या एका मिनिटात काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळणार नव्हतं. कदाचित पुन्हा नळाचंच. त्यांनी नावाकडे बराच वेळ पाहिलं, काही होतं का म्हणून. डोळ्यांत पाणी आलं ते पडद्याच्या उजेडानं. चष्मा काढल्यावर तेही थांबलं.

गुरुवारी अनुरागनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. हिंदीत एक निवेदन टाइप करून आणलं होतं. ‘मेरे पिता श्री गुलाबराव निंभोरकर का देहांत’ आणि पुढे तारखेसाठी मोकळी जागा. कागद टीपॉयवर ठेवून त्यावर त्यानं पेन आडवं ठेवलं. “तारीख कुठलीही चालेल,” तो हळूच म्हणाला. “तुला आवडेल ती टाक.” पूर्वी कॉलेजला गेली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

केतकी बरोबर अकराला आली. तिशीच्या आतली, लातूरकडची, परीक्षा देऊन दिल्लीत लागलेली. एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हातात पिशवी, पिशवीतून शालीचा काठ आणि नारळाची शेंडी दिसत होती. फोटोग्राफरला तिनं खाली गाडीतच बसवलं होतं. एवढ्या वयाच्या माणसाला एकदम त्रास नको, म्हणाली. आल्या आल्या ती बाईंच्या पाया पडली.

“कुठे आहेत साहेब? आत?”

“ऐसा है मॅडम,” अनुरागनं सुरुवात केली, “दरअसल वो...”

“तू बस ग,” भानुमतीबाई केतकीला म्हणाल्या. ती बसली. “ते इथे नाहीत. सोमवारी मी खोटं बोलले. माहितीपत्रकं मी भरत होते. सह्या माझ्या आहेत, बासष्टपासूनच्या सगळ्या.”

केतकीनं पिशवी मांडीवर घेतली. “म्हणजे... साहेब गेले?”

“जी,” अनुराग म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. “वही लिखकर...”

“माहीत नाही,” भानुमतीबाई म्हणाल्या.

“माहीत नाही म्हणजे, आजी?”

“मला टाकून गेले. मला आणि मायला. मी अकरा वर्षांची होते. एकशे एकाव्या वर्षी माणूस कुठून असणार, हे मलाही कळतं. पण ते गेलेले मी पाहिले नाहीत. टाकून गेले, तेवढंच मला माहीत आहे.”

वाक्य बोलून झालं. ‘इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं’ म्हणायचा तोच आवाज होता. आता काहीतरी होईल म्हणून त्या थांबल्या. शेजारच्या मल्याळी बिऱ्हाडात कुकरची शिट्टी झाली. अनुराग खिडकीबाहेर बघत होता, तिथल्या काटेसावरीची फुलं खाली उभ्या गाड्यांवर पडली होती. दुसरं काही झालं नाही.

केतकीनं पिशवीतून फाइल काढली, उघडली, पुन्हा मिटली. “आजी, मी तुम्हाला नियमानं काय आहे ते सांगते. आमच्याकडे हयात आणि दिवंगत असे दोन रकाने असतात. तिसराही एक आहे, ठावठिकाणा माहीत नाही. पण तो सहसा कुणी भरत नाही. घरच्यांना आवडत नाही.”

“तो भरला तर?”

“तर पुढे काहीच नाही. सत्कार नाही, श्रद्धांजली नाही. नाव नुसतं यादीत राहतं.” तिनं टीपॉयवरच्या कागदाकडे पाहिलं, तिच्या लक्षात आलं. तिचा आवाज खाली आला. “त्यापेक्षा, हे सर म्हणतायत तसं दिलंत तर... एवढं वय आहे, कुणी जास्त विचारणार नाही. नाव वाचलं जाईल. सगळे उभे राहतील. माझे आजोबा असते तर मी तसंच केलं असतं, खरं सांगते.”

ती मनापासून बोलत होती. भानुमतीबाईंनी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. शेकडो माणसं उठतायत, खुर्च्यांचा आवाज, कुणी घड्याळाकडे बघतोय, कुणी हातातले कागद सावरतोय. त्यांतल्या एकानंही गुलाबरावांना पाहिलेलं नाही. मग सगळे खाली बसतात. आणि बसता क्षणी, जाऊन एकतीस वर्षं झालेल्या मायचं कपाळ कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून घेतं.

“उभं नको करूस कुणाला,” त्या म्हणाल्या. “बसू दे.”

“आई,” अनुराग म्हणाला. “आई, प्लीज.”

त्यांनी त्याचा कागद उचलला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत लिहायला घेतलं. मी, भानुमती, गुलाबराव निंभोरकर यांची मुलगी. ओळ खाली उतरत गेली. मधेच मान वर करून त्यांनी विचारलं, “सह्यांचंही लिहायचं?”

केतकीनं अनुरागकडे पाहिलं. “नाही लिहिलंत तरी...”

“लिहिते,” बाई म्हणाल्या.

अनुराग उठून बाल्कनीत गेला. दार त्यानं लोटून घेतलं, आपटलं नाही. पूर्वी पुढे आली आणि आजीच्या शेजारी सोफ्याच्या हातावर बसली.

लिहून झाल्यावर केतकीनं कागद वाचला. हिंदीत असता तर बरं झालं असतं, पण ती करून घेईल, म्हणाली. शाल परत न्यावी लागेल, तिची नोंद झालेली आहे. नारळ आणि फुलं राहू द्यात. मग तिनं फाइलमधलं छापील पान काढलं आणि तिसऱ्या रकान्यापुढे खूण केली.

“एक शेवटचं, आजी. साहेब अखेरचे कुठे दिसले, ते लिहावं लागतं.”

“नवी दिल्ली स्टेशन. सत्तावन साल, एप्रिलची नऊ तारीख. ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस.”

“आणि तिथून ते कुठल्या दिशेला गेले, काही अंदाज?”

“ते कुठे गेले नाहीत,” भानुमतीबाई म्हणाल्या. “फलाटावर उभेच होते. टोपी काढून हातात घेतली होती. आमच्याकडेच बघत होते. मी खिडकीत होते, मला नीट दिसत होते. गाडी सुटली. मग लहान लहान होत गेले.”

केतकीनं पेन टेकवलं, उचललं, आणि रकान्यात ‘नवी दिल्ली’ एवढंच लिहिलं. तिचा फोन वाजला. खालून फोटोग्राफर विचारत होता, वर येऊ का म्हणून.

“नको,” ती म्हणाली. “येतेच मी खाली.”